क्वार्टरबॅकने अजून एक वर्ष कॉलेजात काढावं का?

कोलंबसचा_बंडू

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सीझन तोंडावर आलाय. ३० ऑगस्ट २०२५ ला टेक्सास विद्यापीठाची टीम आमच्या गावात येतेय आणि ऑफिसात आठवडाभर डबा खाताना एकच विषय चाललाय, त्यांचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा गडी) आर्च मॅनिंग. पोरानं कॉलेजात आत्तापर्यंत फक्त दोन मॅचेस स्टार्ट केल्यात (म्हणजे पहिल्यापासून उतरून खेळल्यात), आणि तो २०२६ च्या ड्राफ्टला (एनएफएल या व्यावसायिक लीगच्या टीम सात राऊंडांत ओळीने कॉलेजातली पोरं उचलतात, ती निवड) जाणार की २०२७ च्या, यावर लोकांच्या पैजा लागतायत. आजोबा आर्ची मॅनिंग एका मासिकाला सांगून मोकळे झाले की नातू आणखी एक वर्ष थांबणार. नातू म्हणतो, आजोबांनी हे कुठून काढलं मला माहीत नाही. घरोघरी मातीच्या चुली.

तर म्हटलं मूळ प्रश्नच इथे टाकू. ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच: शाळा सुटून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल दारात उभं करत नाही. त्यामुळे तिसरं वर्ष संपलं की जानेवारीच्या मध्यापर्यंत पोरानं ठरवायचं, जायचं की राहायचं. विचारलं तर एनएफएलची एक समिती शेरा देते, पहिला राऊंड, दुसरा राऊंड, नाहीतर बाळा परत जा.

माझं मत सरळ आहे. वय बघू नका, हात किती लांब फेकतो ते बघू नका, स्टार्ट मोजा. मिच ट्रुबिस्कीचे नॉर्थ कॅरोलायनात १३ स्टार्ट. २०१७ ला शिकागोने त्याला दुसऱ्या नंबरावर उचललं आणि पुढे त्याच्यापेक्षा गाजलेले महोम्स दहाव्यावर, वॉटसन बाराव्यावर राहिले. अँथनी रिचर्डसनचे फ्लोरिडात १३ स्टार्ट, शेवटच्या वर्षी शंभरातले जेमतेम ५४ पास पोचलेले, तरी २०२३ ला चौथा. दुसऱ्याच वर्षी इंडियानापोलिसने त्याला बसवून चाळिशीच्या जवळ आलेल्या फ्लॅकोला पाठवलं. उलट बाजूला बो निक्स, ६१ स्टार्ट. जेडन डॅनियल्स, ५५ स्टार्ट. दोघंही पहिल्याच वर्षी टीमला प्लेऑफमध्ये घेऊन गेले.

हे स्टार्ट कुठे कामी येतात ते टीव्हीवर दिसत नाही. बॉल हातात यायच्या आधी समोरच्या टीमचे मागचे दोन बचावपटू (सेफ्टी) एका जागी उभे असतात, बॉल हलला की त्यातला एक पुढे धावतो आणि तुम्ही मनात धरलेलं सगळं चित्र खोटं ठरतं. आता दोन-अडीच सेकंदांत दुसरं चित्र उभं करायचं, तेही समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर येत असताना. हे फळ्यावर शिकवता येत नाही. फसावं लागतं. आणि फसायचंच असेल तर शनिवारी कॉलेजात फसलेलं स्वस्त पडतं, रविवारी एनएफएलमध्ये फसलं की पेपरात येतं.

ऑस्टिनची_अवंती

बंडूशेठ, ३० तारखेला भेटूच :)

पण तुमचा नियम आमच्या क्विन यूअर्सला लावून दाखवा. टेक्सासला तीन वर्षं स्टार्टर, दोनदा सेमीफायनलपर्यंत नेलं. स्टार्ट भरपूर. अजून एक वर्ष खेळता आलं असतं, पण मागे आर्च उभा. मग गेला ड्राफ्टला. यंदा एप्रिलमध्ये सातव्या राऊंडला, २३१ व्या नंबरावर मायामीने घेतलं. त्या दिवशी आमच्या घरी टीव्ही तिसऱ्या दिवसापर्यंत चालू होता. नवरा म्हणाला, बंद कर आता, बघवत नाही.

कोलंबसचा_बंडू

@अवंती, मी स्टार्ट मोजा म्हटलं, स्टार्ट झाले की पहिला नंबर मिळेल असं कुठे म्हटलं? त्याला थांबायचं असतं तर दुसऱ्या कॉलेजात जावं लागलं असतं. पोराला टेक्सासचा बर्न्ट ऑरेंज सोडून दुसरा शर्ट घालायचा नव्हता. मला तर आवडलं ते.

सनीवेलचा_सदा

या धाग्यावर अँड्र्यू लकचं नाव अजून कसं नाही? स्टॅनफर्ड आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. जानेवारी २०११ मध्ये ऑरेंज बोलची मोठी मॅच जिंकला, पहिला नंबर खिशात होता, कॅरोलायना वाट बघत होतं. गडी म्हणाला, मला आर्किटेक्चरल डिझाइनची डिग्री पूर्ण करायची आहे. कोच हार्बॉ सोडून गेला तरी हा राहिला. २०१२ ला पुन्हा पहिलाच नंबर. काय गेलं त्याचं?

प्लेनोकर_तात्या

काही गेलं नाही हे नंतर कळतं हो सदाभाऊ. आधी पोटात गोळाच असतो.

५ सप्टेंबर २००९. आर्लिंग्टनचं काउबॉइजचं नवं कोरं स्टेडियम, पहिलीच कॉलेज मॅच, ओक्लाहोमा विरुद्ध बीवाययू. ऑफिसातल्या एकाने तिकीट दिलं म्हणून गेलो होतो, तेव्हा मला फर्स्ट डाऊन म्हणजे काय तेही धड कळत नव्हतं. सॅम ब्रॅडफर्ड, आदल्या वर्षीचा हाइजमन (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार), ५० टचडाउन पास. ड्राफ्टला न जाता अजून एका वर्षासाठी परतलेला. हाफटाइमच्या थोडं आधी त्यानं बॉल सोडला आणि एका लाइनबॅकरने त्याला उजव्या खांद्यावर आपटलं. माणूस पडला तेव्हा फार काही वाटलं नाही, रोजचंच. मग वरच्या त्या अवाढव्य स्क्रीनवर रिप्ले लागला. इकडून तिकडे अर्ध्या मैदानाएवढा खांदा जमिनीत घुसताना दिसतो आणि लाल शर्टवाले हजारो लोक एकदम गप्प. माझ्या पुढच्या रांगेतला आजोबा टोपी काढून मांडीवर ठेवून बसला, ती त्यानं शेवटपर्यंत परत घातली नाही. मॅच १४-१३ ने गेली. ऑक्टोबरात तो परत आला, टेक्सासविरुद्ध पुन्हा तोच खांदा, आणि सीझन खलास, शस्त्रक्रिया.

तेव्हापासून कोणी "अजून एक वर्ष" म्हटलं की मला ती टोपी आठवते.

हिशेबनीस

तात्या, वर्णन भारी. पण गोष्ट अर्धीच सांगितलीत. २०१० च्या ड्राफ्टला ब्रॅडफर्ड पहिल्याच नंबरावर गेला. सहा वर्षांचा करार ७.८ कोटी डॉलरचा, त्यातले ५ कोटी काही झालं तरी मिळणार असे. आदल्या वर्षी पहिल्या नंबरावर गेलेल्या स्टॅफर्डला हमीचे ४ कोटी १७ लाख होते. म्हणजे खांदा मोडून घेऊन, वर्ष वाया घालवून ब्रॅडफर्डने हमीची रक्कम वाढवलीच.

आणि तेव्हापासून सगळं फिरलं. २०११ च्या उन्हाळ्यात मालक आणि खेळाडूंचा नवा करार झाला, नवख्यांचे पगार नंबराप्रमाणे बांधून टाकले. २०११ चा पहिला, कॅम न्यूटन, चार वर्षांचे २.२ कोटी. लकलाही पुढच्या वर्षी तेवढेच. म्हणून सदाभाऊ, लकचं काही गेलं नाही ते त्यामुळे. पण त्याच सुमाराला जेक लॉकरचं बघा. वॉशिंग्टनचा, २०१० मध्येच वर जाईल म्हणत होते, थांबला, २०११ ला आठव्यावर गेला. जुन्या दराचं दुकान त्याच्या डोळ्यांदेखत बंद झालं.

गोरेगाव_ते_ग्लेनडेल

आमच्या यूएससीचे (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) दोन नमुने मांडतो. मॅट लायनार्ट: २००४ चा हाइजमन, नॅशनल चॅम्पियन, २००५ ला पहिल्या नंबराच्या गप्पा. थांबला. डिग्रीसाठी एकच विषय उरला होता, बॉलरूम डान्स. खरंच. माझे बाबा कायम म्हणायचे, आधी शिक्षण पूर्ण कर, मग काय नाचायचं ते नाच. लायनार्टने नाचूनच शिक्षण पूर्ण केलं. शेवटच्या मॅचला, रोझ बोलला, टेक्सासच्या व्हिन्स यंगने ४१-३८ ने धुतलं आणि ड्राफ्टमध्ये दहावा नंबर आला.

दुसरा मॅट बार्कली. २०११ च्या नाताळात थांबतो म्हणाला, आम्ही गल्लीत नाचलो. २०१२ ला सीझनच्या आधी रँकिंगमध्ये पहिले होतो, शेवटी ७-६. यूसीएलएविरुद्ध खांदा निखळला. २०१३ ला चौथ्या राऊंडला, ९८ वा.

त्यामुळे "थांब रे बाबा" म्हणणाऱ्या चाहत्यांवर माझा विश्वास नाही. आम्ही आमच्या शनिवारसाठी म्हणत असतो.

ऑस्टिनची_अवंती

शेवटच्या वाक्याला +१००

आणि रोझ बोलची आठवण काढल्याबद्दल धन्यवाद :D

सदाशिव_पेठी

बाहेरून बघणाऱ्याचा एक भाबडा प्रश्न. आमचा सचिन सोळाव्या वर्षी कराचीत उभा राहिला. पंधराव्या वर्षी रणजीत शतक. त्याला कोणी तीन वर्षं थांब म्हणालं नाही. गुणी पोराला अडवून ठेवायचा हा नियम कोर्टात टिकतो तरी कसा?

हिशेबनीस

@सदाशिव_पेठी, टिकला. ओहायो स्टेटचा मॉरिस क्लॅरेट, रनिंग बॅक, २००४ ला कोर्टात गेला. खाली जिंकला, वर हरला. वरच्या कोर्टाचा निकाल लिहिला सोनिया सोटोमायोर यांनी, ज्या पुढे सुप्रीम कोर्टात गेल्या. मुद्दा असा की अटी खेळाडूंच्या युनियनशी ठरवायच्या, त्यात स्पर्धा कायद्याने बाहेरून हात घालायचा नाही. गंमत म्हणजे क्लॅरेट त्या युनियनमध्ये नव्हताच, तो अजून आत गेलाच नव्हता.

शिवाय समोरून बाउन्सर येतो तो चेंडू असतो, इथे माणूस येतो. अठराव्या वर्षीचं शरीर रविवारी टिकणार नाही, हे त्यातलं खरं.

फ्रिस्कोची_आई

नेहमी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही. माझा मुलगा अकरावीत आहे आणि हायस्कूलच्या टीमचा दुसरा क्वार्टरबॅक आहे. इथे शुक्रवारी रात्री दहा-बारा हजार माणसं शाळेच्या मॅचला असतात, माझ्या सासूबाई बघून म्हणाल्या, जत्रा आहे का ग?

माझा प्रश्न साधा आहे. हे सगळे पैशाचं आणि नंबराचं बोलतायत. डिग्रीचं काय? अर्धवट सोडून गेलेली मुलं परत येऊन पूर्ण करतात का? घरी वाद आहे. नवरा म्हणतो अजून कॉलेज कोणतं ते ठरलं नाही आणि तू ड्राफ्टला पोचलीस.

सनीवेलचा_सदा

ताई, वहिनीच म्हणतो, काळजी रास्त आहे. आर्चचा काका पेटन मॅनिंगने टेनेसीत तीन वर्षांतच डिग्री घेतली होती, तरी मार्च १९९७ मध्ये म्हणाला, मी थांबतोय, कॉलेजचं चौथं वर्ष मला हवंय. पहिला नंबर जेट्सकडे होता, त्यांनी तो विकूनच टाकला. ॲलेक्स स्मिथने यूटामध्ये दोन वर्षांत अर्थशास्त्राची डिग्री केली. म्हणजे मुलं करतात. आणि लक? डिग्री घेऊन गेला, सात वर्षांत मूत्रपिंड फाटलं, खांद्यामुळे अख्खा २०१७ गेला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये, २९ वय, म्हणाला पुरे. मग परत स्टॅनफर्डला येऊन मास्टर्स केलं आणि आता तिथल्याच फुटबॉलचा जनरल मॅनेजर आहे. आमच्या इथे तो सायकलवर दिसतो म्हणतात, मला अजून नाही दिसला.

शिकवणीवाला

मी पीएचडी करताना एका मोठ्या फुटबॉलवाल्या विद्यापीठात स्टॅटिस्टिक्सचा टीए (शिकवणारा सहायक) होतो. कुठलं ते राहू दे. माझ्या मंगळवार सकाळच्या वर्गात टीमचा राखीव क्वार्टरबॅक यायचा. साडेपाचला वेट रूम, मग नाश्ता, मग माझा आठचा तास. खांद्याला प्लास्टिकने बांधलेली बर्फाची पिशवी, तिचं पाणी टपटप वहीवर. स्टँडर्ड डेव्हिएशन त्याला पटकन कळलं, कारण त्यानं विचारलं, म्हणजे एक क्वार्टरबॅक दर मॅचला २५० यार्ड फेकतो आणि दुसरा कधी ४०० कधी १००, सरासरी एकच, हा फरक ना? म्हटलं हाच. म्हणाला, मग मी दुसरा आहे.

तो पुढे कुठेच ड्राफ्ट झाला नाही. डिग्री मात्र झाली. या धाग्यावर जेवढ्यांची नावं आलीत ते सगळे वरचे दोन टक्केही नाहीत, एवढंच सांगायचं होतं. बहुतेकांसाठी "थांबू की जाऊ" असा प्रश्नच नसतो, जायला जागाच नसते.

प्लेनोकर_तात्या

शिकवणीवाले सर, मनापासून आवडला प्रतिसाद.

मिशिगनकर

बंडूच्या "स्टार्ट मोजा"ला माझा विरोध. (ओहायोवाला काही बोलला की विरोध करणं आमचं कर्तव्यच आहे, हलके घ्या.)

एक. पेटन मॅनिंग चार वर्षं कॉलेजात खेळून गेला आणि पहिल्या वर्षी २८ इंटरसेप्शन (समोरच्यांच्या हातात गेलेले पास) फेकली. नवख्याचा विक्रम आहे तो. टीम ३-१३. कुठे गेले ते स्टार्ट?

दोन. कॅम न्यूटन. मोठ्या कॉलेजात एकच सीझन, ऑबर्नला. थेट पहिला नंबर, वर्षाचा सर्वोत्तम नवखा, २०१५ चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. तुझ्या पट्टीने त्याला घरी बसवायला हवं होतं.

तीन, आणि हा खरा मुद्दा. महोम्स टेक्सास टेकहून तिसऱ्या वर्षीच निघाला. कान्सास सिटीला गेला तिथे पुढे ॲलेक्स स्मिथ होता. २०१७ अख्खं वर्ष बसला, सीझनच्या शेवटी एक मॅच मिळाली. ज्याला तुम्ही "अजून एक वर्ष" म्हणता ते त्यानं कॉलेजात नाही, एनएफएलच्या बाकावर काढलं, पगार घेऊन. आणि ज्याच्याकडून शिकला तो ॲलेक्स स्मिथ २००५ ला वयाच्या विसाव्या वर्षी पहिला गेला होता, सॅन फ्रान्सिस्कोत त्याला जवळजवळ दरवर्षी नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (हल्ल्याचा कोच), नवी प्लेबुक. दरवर्षी शाळा बदललेल्या पोरासारखं. त्याच ड्राफ्टमध्ये २४ व्या नंबरापर्यंत घसरलेला रॉजर्स ग्रीन बेला तीन वर्षं फावरच्या मागे बसला. आता सांग, वर्ष कॉलेजात काढलं की नाही याने फरक पडला, की कोणाच्या दारात पडला याने?

कोलंबसचा_बंडू

मिशिगनकर, तुझ्याकडून शहाणपण ऐकायचं म्हणजे जिवावर येतं, पण तिसरा मुद्दा मान्य. न्यूटनला मी अपवादच म्हणणार. जवळजवळ साडेसहा फुटी, ११२ किलोचा माणूस समोरचा बचाव वाचायची गरजच न पडता पळत सुटतो.

मॅनिंगचं मात्र उलट वाचतो मी. २८ इंटरसेप्शन फेकूनही सोळाच्या सोळा मॅचेस खेळला आणि पुढच्या वर्षी १३-३. तेवढं तोंडावर पडून परत उभं राहायला पायाखाली काहीतरी लागतं.

पण बाक आता मिळतो कुठे? पहिल्या दहात घेतलेल्याला सप्टेंबरातच उभं करतात. मालकांना धीर नाही. म्हणूनच म्हणतो, बाक हवा असेल तर तो कॉलेजातच मिळेल. आमचा जो बरो बघ. आमचाच म्हणणार, ओहायोचं पोर आहे. इथे बाकावर बसला, एलएसयूला गेला, २०१८ ला १६ टचडाउन. कोणी ढुंकून बघत नव्हतं. थांबला, २०१९ ला ६० टचडाउन आणि ड्राफ्टचा पहिला नंबर. एका वर्षात.

हिशेबनीस

आणि आता थांबणं फुकटही राहिलेलं नाही, हे कोणी बोलतच नाहीये. जुलै २०२१ पासून पोरं स्वतःच्या नावावर पैसे कमावू शकतात. यंदा जूनमध्ये कोर्टाने तडजोड मंजूर केली, जुलैपासून कॉलेजं थेट देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजाला सगळे खेळ मिळून २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. मोठ्या कॉलेजच्या स्टार्टरला मिळणारा आकडा आता लाखांत आहे, काहींचा दहा-वीस लाखांच्या वर. तर सातव्या राऊंडच्या चार वर्षांच्या कराराची किंमत चाळीस लाखांच्या आसपास, तीही बहुतेक बिनहमीची, सप्टेंबरच्या आत काढून टाकलं तर हातात फक्त बोनस.

कॅम वॉर्डचं गणित बघा. जानेवारी २०२४ मध्ये ड्राफ्टला जातो म्हणाला. मग मन बदललं, वॉशिंग्टन स्टेट सोडून मायामी विद्यापीठात गेला. यंदा पहिला नंबर, चार वर्षांचे जवळपास ४.९ कोटी. तेव्हाच गेला असता तर मधल्या राऊंडचा माल होता. पूर्वी थांबण्यात शिक्षण आणि हौस होती, आता त्यात मजुरीही आहे. म्हणून पहिल्या राऊंडचा शेरा नसेल तर जाणं मला तरी कळत नाही.

गोरेगाव_ते_ग्लेनडेल

रच्याकने, जॉश ॲलनही २०१६ नंतर जाणार होता, वायोमिंगला थांबला. टचडाउन २८ वरून १६ वर आले. सोबतचे चांगले गडी निघून गेले होते. तरी २०१८ ला सातवा. तेव्हा आकडे घसरले की नंबर घसरतोच असंही नाही.

ऑस्टिनची_अवंती

मग आर्च? धागा त्याच्यावरून निघाला होता.

कोलंबसचा_बंडू

तो दोन वर्षं क्विनच्या मागे गपचूप बसला, कॉलेज बदलायच्या पोर्टलमध्ये उडी मारली नाही, हे मला त्याचं सगळ्यात आवडतं. पैशाची ददात नाही, काकांचे फोन नंबर आहेत. माझ्या हिशेबाने यंदाचे तेरा-चौदा धरून जानेवारीत त्याचे पंधरा-सोळा स्टार्ट होतील. थांबावं.

मिशिगनकर

तुमच्या गावात शनिवारी जिंकला तर सोमवारी तूच म्हणशील, आत्ताच जा बाबा.

फ्रिस्कोची_आई

सगळ्यांचे आभार, नवऱ्याला पूर्ण धागा वाचून दाखवला. मुलगा शेजारी बसून ऐकत होता. म्हणाला, आई, पहिल्या क्वार्टरबॅकचा घोटा दुखावलाय, या शुक्रवारी मी खेळणार आहे, तुला सांगायचंच राहिलं.

तात्या, तुम्ही प्लेनोत आहात ना? मॅच तिकडेच आहे, साडेसातला.

प्लेनोकर_तात्या

येतो. जर्सी नंबर कितीचा?